तान्ह्या पोळ्याआधीचे तीन दिवस

नातीला ताप आलाय हे तीन दिवस कुणाला सांगायचं नाही, एवढ्यानं श्रीकृष्णरावांना काय काय मिळणार होतं ते आधी बघून घेऊ. तान्ह्या पोळ्यातला पहिला नंबर मिळणार होता, जो सलग तीन वर्षं त्यांच्या ओट्यापर्यंत येऊन मारोतरावांच्या घरात शिरला होता. त्याच्यासोबत मारोतरावांचं पडलेलं तोंड मिळणार होतं. आणि ते तोंड रोज सकाळी बसस्टँडमागच्या चहाच्या दुकानात समोरच्याच बाकावर बसत असल्यामुळे वर्षभर पुरणार होतं. शिवाय ‘आबाजींकडे पोरगी मजेत असते’ हे सुनेचं जे मत होतं, त्याला धक्का लागणार नव्हता. आणि या सगळ्याच्या बदल्यात जाणार काय? तापाच्या गोड औषधाचा एकेक चमचा, सहा-सहा तासांनी. इतका स्वस्त सौदा समोर आला की माणसानं आधी तो उलटा करून बघावा. श्रीकृष्णरावांनी चौतीस वर्षं तहसीलीत हेच तर केलं होतं. पण दुसऱ्याच्या कागदात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो, लाकडी बैलांचा. तोच तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याला मान शेतकऱ्याचा. ज्याच्या गोठ्यात बैल त्याच्या दारात गर्दी. श्रीकृष्णरावांच्या घराण्यात तीन पिढ्या फायली. शेत नाही, गोठा नाही. मोठ्या पोळ्याला ते मारोतरावांच्या सजवलेल्या जोडीला ओवाळायला बायकोला, सुहासिनीबाईंना, पुढे करत आणि स्वतः मागे उभे राहून घड्याळ बघत. म्हणून त्यांचा सगळा जीव दुसऱ्या दिवशीच्या लाकडी बैलात. निवृत्त झाल्यावर लोक सोन्याची अंगठी करून घेतात. यांनी सागवानाचा नंदी करवला. मांडीएवढा उंच, चार चाकांचा, मान किंचित वळवलेला, जणू कुणीतरी अर्ज घेऊन येताना दिसलंय. मालक अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला, तेव्हा गावानं नंदीचं नाव ठेवलं अव्वल.

अव्वल तीन वर्षं दुसरा येत होता. पहिला यायचा मारोतरावांचा, त्यांचा नातू रजत ओढायचा तो. मारोतराव म्हणजे वीस एकरांचा कापूस-तुरीचा धनी आणि झडत्या रचण्यात तालुक्यात पुढे. पोळ्यात एकमेकांना चिमटे काढायला जे तुकडे म्हणतात त्या झडत्या. गेल्या वर्षी त्यांनी भर मैदानात म्हटलं होतं:

“कारकुनाचा नंदी, त्याच्या कपाळाले शिक्का,
चारा मांगे कागदाचा, चालाले लागे धक्का!
हर बोला हर हर महादेव!”

अख्खं मैदान ‘महादेव’ म्हणालं. श्रीकृष्णरावही म्हणाले, देवाचं नाव होतं म्हणून.

यंदा नंदी ओढायला स्पृहा होती. सव्वाचार वर्षांची, त्यांची एकुलती नात. मुलगा चारुदत्त यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर, सून प्राची यवतमाळात बँकेत. पोळ्याच्या आठवड्यात दोघांनाही सुट्टी नव्हती, म्हणून पोरगी मंगळवारीच राळेगावला आजी-आजोबांकडे आली. आई-बाप येणार होते ते शनिवारी दुपारी, थेट मैदानावर.

बुधवारी संध्याकाळी सुहासिनीबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला.

“अहो, इकडे या. पोळी शेकून निघेल हिच्या अंगावर.”

“ऊन लागलं असेल.”

“ऊन? चार दिवस झाले सूर्य कुठे दिसला?”

श्रीकृष्णरावांनी थर्मामीटर लावला आणि मग सवयीनं खिशातली डायरी काढली. आवक-जावकच्या टेबलावर त्यांची अर्धी नोकरी गेलेली. आलेल्या प्रत्येक कागदाची तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. त्यांनी लिहिलं: ‘बुधवार, सायं. ६.३५. स्पृहा. ताप १०१.४.’

“प्राचीला फोन लावते,” बाई म्हणाल्या.

“कायले?” श्रीकृष्णराव घरात चिडले की वऱ्हाडीत जात, कार्यालयीन मराठी बाहेरच्यांसाठी. “आत्ता फोन केला की उद्या सकाळच्या गाडीनं येऊन घेऊन जाईन ते पोरीले. लेकरांचा ताप हाय, उद्या उतरते.”

“आणि नाही उतरला तर?”

“तर सांगू ना. पळून चाललो का मी?”

गुरुवारी उतरला नाही. औषध दिलं की उतरायचा आणि औषध सरलं की चढायचा. शुक्रवारी मोठ्या पोळ्याच्या दिवशी डायरीत १०२.८ लागला. त्या रात्री प्राचीचा फोन आला तेव्हा श्रीकृष्णराव म्हणाले, “मजेत आहे. आत्ताच झोपली.” झोपली होती हे खरं होतं. माणूस खोटं बोलायला लागला की आधी खऱ्याचा एखादा तुकडा शोधतो.

सुहासिनीबाई गप्प राहिल्या. त्यांना काय मिळणार होतं म्हणाल, तर काही नाही. त्यांचा वाटा नुसता गप्प बसण्याचा, आणि चाळीस वर्षांत तो त्यांना पाठ झाला होता.

शनिवारी तीन वाजता एक चमचा औषध देऊन पोरीला शेतकरीण केलं. हिरवी नऊवारी, डोक्यावर इवलीशी पाटी, हातात अव्वलची दोरी. आणि काय दिसत होती म्हणता! गाल गुलाबी, ओठ लालबुंद, डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. परीक्षक होते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. ते वाकून बघत म्हणाले, “वा! मेकअप कुणी केला? अगदी नैसर्गिक रंग आहे!”

मेकअप नव्हता. पण त्या क्षणी नाही म्हणण्याइतकं बळ तिथे कुणाच्या अंगात होतं?

प्राची तोवर पोचली होती. तिनं पोरीचे पंचवीस फोटो काढले आणि सासूकडे वळली. “आई, एवढ्याशा पोरीला लिपस्टिक लावलीत?”

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नंदीचं चाक तपासत होता. “थोडीशीच लावली गं,” त्या म्हणाल्या. अशा रीतीनं एका खोट्याला दुसरं झालं, आणि तेही बाईंच्या नावावर.

शेजारी रजत उभा होता, मारोतरावांचा सहा वर्षांचा नातू. दोघांनी एकाच बाटलीतून पाणी प्यायलं, एकाच लाडवाचे दोन तुकडे केले. मग निकाल लागला. अव्वल पहिला! बक्षीस घंटी असलेली लहान सायकल. मारोतरावांचं तोंड ठरल्याप्रमाणे पडलं, पण श्रीकृष्णरावांना ते नीट बघायला मिळालं नाही, कारण स्पृहा त्यांच्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, “आबाजी, मले घरी जायचं.”

त्या संध्याकाळी ताप सगळ्यांसमोर चढला. चारुदत्तनं विचारलं, “आजच आला?”

“आजच,” श्रीकृष्णराव म्हणाले. “गर्दीत धूळ असते.”

दवाखान्याच्या कागदावर त्यामुळे पहिला दिवस लागला शनिवार.

यवतमाळात बालरोगतज्ज्ञ सुरभी मॅडमनी सोमवारी पोरीला पाहिलं. घसा लाल होता. त्यांनी घशातला नमुना तपासायला पाठवला आणि जंतूंवरचं औषध सुरू केलं. बुधवारी, गणपती बसले त्या दिवशी, अंगावर लाल पुरळ आलं, म्हणून भरती केलं. गुरुवारी सकाळी नमुन्याचा रिपोर्ट आला. घशात जंतू सापडले होते. घरच्यांना केवढं हायसं वाटलं! आजाराला नाव मिळालं की तो अर्धा बरा झाल्यासारखं वाटतं. श्रीकृष्णराव तर उठून उभेच राहिले. “बघा, मी म्हणत होतो. संसर्ग. गर्दीतला.”

सुरभी मॅडम मात्र उठल्या नाहीत. वयानं पस्तिशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी पोरीची जीभ पाहिली, डोळे पाहिले, हाताचे तळवे पाहिले.

“घशात जंतू आहेत, हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण मग तीन दिवस औषध घेऊन ताप उतरायला हवा होता. उतरला नाही. डोळे लाल आहेत, पण चिपडं येत नाहीत. ओठ फुटलेत, जीभ स्ट्रॉबेरीसारखी झालीय, अंगावर पुरळ आहे. मला कावासाकी नावाच्या आजाराची शंका येते.”

“जपानी आहे का?” चारुदत्तनं विचारलं. घाबरला की त्याला असलेच प्रश्न सुचतात.

“नाव जपानी डॉक्टरांचं. आजार सगळीकडे होतो.”

“पण मॅडम, जंतू सापडलेत ना?” प्राची म्हणाली. “मग हे दुसरं कशाला?”

“तिथेच सगळे फसतात. संसर्ग सापडला म्हणून हा आजार नाही, असं होत नाही. दोन्ही एका वेळी असू शकतात. असंही असेल की कुठल्याशा जंतूनं काडी ओढली, आणि आता जे जळतंय ते शरीर स्वतःच जाळतंय. नक्की कोण काडी ओढतो, ते अजून कुणालाच ठामपणे माहीत नाही. जंतूंचं औषध काडी विझवतं. आग नाही विझवत.”

“आग कुठे लागते?” हे श्रीकृष्णरावांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात कार्यालय राहिलं नव्हतं.

“रक्तवाहिन्यांना. मुख्य भीती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची. त्या सुजतात, कधी फुगतात. सलाइनमधून देण्याचं एक औषध आहे, ते ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत दिलं तर हृदय बहुतेक वेळा वाचतं. नंतरही देतात, पण धोका वाढलेला असतो.” मॅडमनी कागद उलटला. “शनिवारी ताप आला, म्हणजे आज सहावा दिवस. लक्षणं पूर्ण नाहीत, घशाचा रिपोर्टही आहे. जंतूंचं औषध बदलून पाहते, रक्त पुन्हा तपासते. दोन दिवस आहेत आपल्या हातात. शनिवारी ठरवू.”

त्या खोलीत पाच मोठी माणसं होती, आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं की ते दोन दिवस हातात नाहीत.

श्रीकृष्णरावांनी बोटांवर मोजलं. बुधवार ते गुरुवार. आठवडा आणि वर दोन. आज नववा. शनिवारी अकरावा. ‘मुदत’ हा शब्द त्यांच्याएवढा तालुक्यात कुणाला कळत नव्हता. एक दिवस उशिरा आलेल्या किती अर्जांवर त्यांनी लाल शाईनं ‘मुदतबाह्य’ लिहिलं होतं! समोरचा माणूस हात जोडायचा, बैल आजारी होता म्हणायचा, नदीला पूर होता म्हणायचा. श्रीकृष्णराव म्हणायचे, “मुदत म्हणजे मुदत.”

मॅडम दाराकडे निघाल्या. सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा गप्प बसण्याचा वाटा संपला.

“तुम्ही बोलता,” त्या म्हणाल्या, “की मी बोलू?”

बोलायचं म्हणजे काय जाणार होतं, तेही सांगायला हवं. सुनेचा विश्वास जाणार होता, आणि सून म्हणजे नात; पुढच्या पोळ्याला स्पृहा राळेगावला येणार की नाही ते प्राचीच ठरवणार. पहिला नंबर जाणार होता. ‘श्रीकृष्णरावांनी कधी तारीख हलवली नाही’ ही चौतीस वर्षांची ख्याती जाणार होती. आणि न बोलण्यात काय जाणार होतं, ते पलंगावर पडलेलं होतं, फुटलेल्या ओठांनी, हातात घंटीशिवाय काही नको म्हणून सायकलची काढलेली घंटी धरून.

श्रीकृष्णरावांनी खिशातून डायरी काढली.

“मॅडम,” ते म्हणाले, “कागदावरची तारीख चुकीची आहे. मी सांगितलेली. ही बरोबर आहे.”

इथे एक गोष्ट त्यांच्या जमेला धरली पाहिजे. खोटं बोलायला त्यांची जीभ तयार झाली होती, पण खोटं लिहायला हात तयार झाला नव्हता. बुधवार सायंकाळी ६.३५ पासून प्रत्येक ताप, प्रत्येक चमचा, वेळेसकट डायरीत होता. शुक्रवारी दुपारी लिहिलेलं होतं, ‘डोळे लाल.’ शनिवारी सकाळी, ‘ओठ लाल. सुहासिनी म्हणते, हे बरं दिसत नाही.’

सुरभी मॅडम वाचत गेल्या. मग त्यांनी प्राचीकडे मान वर केली. “शनिवारचा फोटो आहे का हिचा?”

प्राचीनं फोन काढला. हिरवी नऊवारी, पाटी, लालबुंद ओठ. मॅडमनी फोटो मोठा करून डोळे पाहिले.

“ती लिपस्टिक नव्हती गं,” सुहासिनीबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

प्राची ओरडेल असं चारुदत्तला वाटलं. तो मध्ये पडायला एक पाऊल पुढेही आला. पण ती ओरडली नाही. तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि मॅडमना विचारलं, “मग आज कितवा?”

“नववा.”

“मुदत उद्या संपते,” श्रीकृष्णराव पुटपुटले. “अर्ज मुदतीत आहे.”

मॅडमना हसू आलं की काय कळलं नाही, पण त्या पळाल्या. दुपारी हृदयाची सोनोग्राफी झाली. डावीकडची वाहिनी किंचित फुगलेली होती. “किंचित,” मॅडम दोनदा म्हणाल्या. “शनिवारपर्यंत थांबलो असतो तर हाच शब्द मला वापरता आला असता की नाही, सांगता येत नाही.” चार वाजता सलाइन लागलं.

बाटली लहान होती. किंमत विचारली तेव्हा चारुदत्त खुर्चीवर बसला, पण त्याच्या बँकेवाल्या बायकोनं आधीच विमा काढला होता, तो भाग तिथेच संपला. श्रीकृष्णरावांना वेगळंच जाणून घ्यायचं होतं. “हे बनतं कशापासून?”

“माणसांच्या रक्तापासून,” नर्स म्हणाली. “हजारो लोकांनी दान केलेलं रक्त असतं. त्यातून एवढंसं निघतं.”

स्पृहा ऐकत होती. “आबाजी, माझ्यात किती माणसं चालली?”

“अख्खं राळेगाव,” श्रीकृष्णराव म्हणाले.

“मारोतआबा पण?”

“तेही असतील. त्यांना कुठेही घुसायची सवयच आहे.”

पोरगी हसली. शुक्रवारी दुपारपर्यंत ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. काही दिवसांनी बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघाली, ती तिनं मोठ्या अभिमानानं सगळ्या नर्सांना दाखवली. घरी सोडताना मॅडमनी सांगितलं: ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज, कांजिण्या-फ्लू झालेल्यांपासून दूर, फ्लूची लस घ्या, आणि पुढची गोवराची लस अकरा महिने पुढे ढकला, कारण इतक्या लोकांचं रक्त अंगात असताना ती लागू पडत नाही. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. प्राचीनं सगळं लिहून घेतलं. सासऱ्याशी ती बोलली नाही. म्हणजे जेवायला वाढायची, औषधाची वेळ सांगायची, पण ‘बाबा’ हा शब्द तिच्या वाक्यांतून गायब झाला होता. चारुदत्तनं एकदा म्हटलं, “अगं, डायरी होती म्हणून तर…” तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं ते वाक्य आजतागायत पूर्ण केलेलं नाही.

बाबा शब्द परत यायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सकाळी राळेगावला फोन आला. “बाबा, आज पोरीसाठी तुमच्या हातानं लिहिलेला तक्ता पाठवा. तारखा आणि ॲस्पिरिनच्या रकान्यांचा. माझा नीट होत नाही. आणि ह्यापुढे ती तुमच्याकडे असली की रोज डायरीच्या पानाचा फोटो. सकाळ-संध्याकाळ.”

“हो,” श्रीकृष्णराव म्हणाले. “आवक की जावक?”

“दोन्ही,” प्राची म्हणाली. पण ती हसली असावी, कारण सुहासिनीबाईंना पलीकडून ऐकू आलं.

मग श्रीकृष्णराव अर्ज लिहायला बसले. तान्हा पोळा मंडळाचे अध्यक्ष पूनमसिंग, किराणा दुकानवाले. त्यांना काउंटरवर एक लिफाफा मिळाला. ‘विषय: स्पर्धेच्या निकालात दुरुस्ती करणेबाबत. महोदय, सदर स्पर्धकाच्या चेहऱ्यावरील रंग हा सजावटीचा नसून आजाराचा होता. सबब त्यापोटी मिळालेले गुण रद्द होऊन निकालात दुरुस्ती व्हावी. सोबत: सायकल एक, घंटीसह.’

पूनमसिंगांनी तो दोनदा वाचला. “साहेब, तीस वर्षं मंडळ चालवून राह्यलो. नंबर मांगाले लोक येतात. परत कराले कोणी नाही आलं.”

“नियमात बसत नसेल तर नियम करा.”

नियम झाला. पुढच्या वर्षीपासून मैदानाच्या तोंडाशी थर्मामीटर घेऊन कुणीतरी बसणार आणि ताप असलेलं पोरगं घरी जाणार. कोण बसणार, यावर फार चर्चा करावी लागली नाही.

सायकल रजतकडे गेली. ती घेऊन मारोतराव दुसऱ्याच दिवशी श्रीकृष्णरावांच्या ओट्यावर हजर.

“बाबूजी, हे काय लावलं? मले तुमची सायकल कायले पाह्यजे? मी काय भीक मांगाले गेलतो?”

“भीक नाही. पहिला नंबर तुमचा होता.”

“असा नंबर कोणाले पाह्यजे? लोक म्हणतीन, पोट्टीच्या तापावर जिंकला मारोत्या.” ते बसले. “एक सांगा. त्याच दिवशी आमच्या रजतनं तुमच्या पोट्टीचं पाणी पेलं. सोमवारी त्यालेबी घसा धरला. ताप आला. डाक्तरनं तोच जंतू सांगतला. चार दिवसांत पोट्टं टणटणीत, पोहाले तयार. मंग तुमच्याच पोरीच्या हृदयाले काहून धरलं?”

श्रीकृष्णरावांनी सुरभी मॅडमची काडीची गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली. “काडी तीच. एकाच्या घरात ओलं लाकूड असतं, काडी विझते. दुसऱ्याच्या घरात काय असतं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. आग लागल्यावर काडी शोधत बसायचं नाही, एवढंच आपल्या हातात. मी काडीच दाखवत बसलो होतो.”

मारोतरावांनी ओट्यावरच्या अव्वलच्या मानेवरून हात फिरवला. “मान छान वळवली सुतारानं,” ते म्हणाले. “हे मी तुमाले तीन वर्षं सांगणार होतो. झडतीत बसत नव्हतं.”

सायकल ओट्यावरच राहिली. आता शनिवार-रविवारी स्पृहा चालवते, आणि रजत आला की दोघं एकमेकांना ढकलतात.

दिवाळीच्या आधी यवतमाळात दुसरी सोनोग्राफी झाली. वाहिनी पूर्ववत. सुरभी मॅडमनी गोळी बंद केली आणि श्रीकृष्णरावांना म्हणाल्या, “ती डायरी मी विद्यार्थ्यांना दाखवते, चालेल ना? नाव झाकून.”

“नाव झाकू नका,” ते म्हणाले. “तारीख मात्र दाखवा.”

दिवाळीनंतर गावात रक्तदान शिबिर होतं. श्रीकृष्णराव सकाळी सातलाच रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, पहिला नंबर लावून. नऊ वाजता टेबल मांडलं गेलं, आणि टेबलावरच्या मुलीनं आधारकार्ड पाहून परत केलं.

“आजोबा, सदुसष्ट. पासष्टच्या वर घेत नाहीत.”

“दोनच वर्षं जास्त आहेत.”

“नियम आहे.”

“मुदतबाह्य,” श्रीकृष्णराव स्वतःशीच म्हणाले, आणि मागे वळले तर रांगेत दुसऱ्या नंबरवर मारोतराव उभे होते. वय अठ्ठावन्न, बाही वर केलेली.

“तुम्ही कसे?”

“सुहासिनी वयनीनं निरोप धाडला, तुम्ही इथं हाव म्हणून. म्हतलं बाबूजीले परत धाडतीन, तं आपण द्यावं त्यायच्या वाट्याचं.” आणि टेबलाकडे जाता जाता वळून म्हणाले, “यंदा मी पहिला, बरं का. अव्वल पुन्हा दुसरा!”

रांग हसली. मारोतरावांची बाटली भरली, सोबत चहा आणि बिस्किट मिळालं. श्रीकृष्णरावांना नुसता चहा.

तर शेवटी कुणी काय भरलं ते मांडू. स्पृहानं नऊ दिवसांचा ताप आणि दहा बोटांची कातडी भरली. रजतनं चार दिवसांची कडू गोळी भरली. प्राचीनं अकरा दिवस एक शब्द भरला, तो तिला परत मिळाला. सुहासिनीबाईंनी एक खोटी लिपस्टिक भरली, तीही स्वतःच्या नावावर. श्रीकृष्णरावांनी पहिला नंबर भरला आणि पुढच्या पोळ्याला मैदानाच्या तोंडाशी थर्मामीटर घेऊन बसण्याची जागा. पण पोरीचं हृदय ज्यांच्यामुळे वाचलं ते हजारो लोक कुठल्याच डायरीत नाहीत. त्यांनी आधीच भरून टाकलं होतं, कुणासाठी ते न विचारता. त्यांच्या बाजूला राळेगावची एकच नोंद लागली, आणि तीही श्रीकृष्णरावांच्या हस्ताक्षरात, वेळेसकट: ‘सकाळी ९.१०. मारोतराव. एक बाटली. माझ्या वाट्याची.’